अवयव माहीत नसताना २^१२७७ − १ ही संख्या संयुक्त आहे हे कसे ठरते?

आपला प्रश्न असा आहे की, २^१२७७ − १ या संख्येचा १ आणि ती स्वतः सोडून एकही विभाजक आजवर कोणाला सापडलेला नाही, तरी ती संयुक्त आहे असे ठामपणे का म्हटले जाते. हा केवळ संभाव्यतेवर आधारलेला अंदाज आहे का? (^ हे येथे घाताचे चिन्ह आहे.) तो अंदाज नाही, पूर्ण सिद्धता आहे. मात्र ती विभाजक शोधून मिळालेली नाही, आणि मला या संख्येचे आकर्षण वाटते ते नेमके याच कारणाने.

ही संख्या ३८५ अंकी आहे. तिच्यासारख्या, म्हणजे २^प − १ या रूपातील संख्यांसाठी (प ही विषम मूळ संख्या) ल्युका आणि लेमर या गणितज्ञांची कसोटी आहे. ४ पासून सुरुवात करावी, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी तेवढी ठेवावी. ही क्रिया प − २ वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ असते, अन्यथा संयुक्त. दोन्ही बाजू सिद्ध झालेल्या आहेत. २^११ − १ म्हणजे २०४७ घेऊन हे कागदावर करून पाहता येते: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त आहे. तिचे अवयव २३ आणि ८९ आहेत, पण १७३६ या बाकीकडे कितीही वेळ पाहिले तरी ते त्यातून दिसत नाहीत. १२७७ साठी हीच क्रिया १२७५ वेळा करायची असते आणि साध्या संगणकावर ती क्षणार्धात होते.

येथे एक सावधगिरी हवी. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की म ही मूळ संख्या असेल आणि अ ला तिने भाग जात नसेल, तर अ^(म − १) ला म ने भागल्यास बाकी १ येते; येथे अ ला पाया म्हणतात. या सिद्धांतावर आधारलेली चाचणी २ हा पाया घेऊन केल्यास या रूपातील प्रत्येक संख्या, संयुक्त असली तरीही, उत्तीर्ण होते. त्यामुळे त्या चाचणीवरून येथे काहीच ठरत नाही.

अवयव काढणे ही निराळीच समस्या आहे. संख्या मूळ की संयुक्त हे कोणत्याही संख्येसाठी बहुपदी वेळात (म्हणजे अंकांची संख्या वाढली तरी लागणारा वेळ तिच्या एखाद्या ठरावीक घातापेक्षा वेगाने वाढत नाही अशा प्रकारे) निश्चितपणे ठरवण्याची रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली; अवयव काढण्यासाठी तशी रीत नेहमीच्या संगणकांवर अद्याप कोणालाही माहीत नाही. २^१०६१ − १ या ३२० अंकी संख्येचे अवयव २०१२ मध्ये मिळाले, तेही फार मोठ्या प्रमाणावर संगणन केल्यानंतर, आणि आपली संख्या तिच्याहून ६५ अंकांनी मोठी आहे.

तरीही न सापडलेल्या अवयवांबद्दल आपल्याला बरेच काही ठाऊक आहे. समजा, क हा तिचा मूळ अवयव आहे. २ च्या घातांना क ने भागल्यावर १ ही बाकी पहिल्यांदा येते ती १२७७ व्या घाताला, कारण १२७७ ही मूळ संख्या आहे. फर्माच्या त्याच सिद्धांतानुसार (क − १) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून १२७७ ने क − १ ला भाग गेलाच पाहिजे, आणि क विषम असल्यामुळे क − १ हा २५५४ चा पटीतला असतो. शिवाय क ला ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ च येते. या दोन अटी पाळणाऱ्या पहिल्या काही संख्या ७६६३, १०२१७, १७८७९, २०४३३ आणि २८०९५ अशा आहेत, पण त्या सगळ्या स्वतःच संयुक्त आहेत. म्हणजे तपासण्याजोगी पहिली मूळ संख्या ३०६४९ ठरते, आणि तिच्याखालच्या एकाही मूळ संख्येने भागून पाहण्याची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. या संख्येला ८ ने भागल्यास बाकी ७ येते. तिचे सर्वच मूळ अवयव १ बाकीचे असते तर गुणाकाराची बाकीही १ आली असती. म्हणून ७ बाकी देणारा किमान एक मूळ अवयव असलाच पाहिजे, आणि पुनरावृत्तीसह मोजल्यास असे अवयव विषम संख्येतच असतील. एकूण मूळ अवयव किती, दोन की अधिक, हे मात्र आज सांगता येत नाही.