इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटींच्या रानात माउंटन बाइक चालवायची तर काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्याच्या टेकड्यांवर हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवायची सवय आहे, आता वर्षभर लंडनजवळच्या वॉटफर्डला आहात, आणि रविवारी एखाद्या जुन्या इस्टेटीच्या जंगलात सायकल न्यायची आहे. परवानगी लागते का, सायकलीत काय बदलायचं, सुरुवात कुठे करायची? वॉटफर्डला आहात तर मी अ‍ॅशरिजच सांगेन. चिल्टर्न टेकड्यांतली ही सुमारे ५,००० एकरांची इस्टेट नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि तुमच्याच रेल्वे लाइनवर ट्रिंग स्टेशनला उतरून सायकलवर तिथे पोचता येतं.

आधी वाटेचं बघू, कारण आपल्याकडून येणारा माणूस चुकतो तो इथेच. आपल्याकडे पायवाट दिसली की सायकल घातली, कुणी हटकलं तर बघू. इंग्लंडमध्ये प्रत्येक वाटेला कायद्याने दर्जा आहे. 'फुटपाथ' म्हणजे रस्त्याकडेचा फुटपाथ नव्हे. रानातली फक्त चालणाऱ्यांची वाट. तिच्यावर सायकलचा हक्क नाही. 'ब्रायडलवे' ही मुळात घोडेस्वारांची वाट, आणि १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने तिच्यावर सायकलला मुभा दिली, एका अटीवर : चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. 'रिस्ट्रिक्टेड बायवे' (मोटारींना बंद) आणि 'बायवे' (सगळ्या वाहनांना खुला) यांवरही सायकल चालते. म्हणजे परवानगी कुणाकडे मागायची नाही, फक्त वाट बरोबर निवडायची. खांबावरचे बाण लक्षात ठेवा : पिवळा म्हणजे फुटपाथ, निळा म्हणजे ब्रायडलवे, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवे, लाल बायवे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० च्या एक्सप्लोरर नकाशावर (या भागाचा क्रमांक १८१) फुटपाथ हिरव्या आखूड तुटक रेघांनी दाखवतात आणि ब्रायडलवे हिरव्या लांब तुटक रेघांनी. मोबाइलवर झूम कमी केलात की दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा घरीच मोठ्या पडद्यावर बघून राउट आखा. इतरांनी टाकलेल्या जीपीएस फायलींवर भरवसा ठेवू नका. त्यांतल्या कित्येक बिनदिक्कत फुटपाथवरून जातात.

कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या दिसल्या, किंवा एका वेळी एकच माणूस वळून आत शिरेल असं गेट दिसलं, की समजा तुम्ही फुटपाथवर आलात. घोडा पायऱ्या चढत नाही, म्हणून ब्रायडलवेवर त्या नसतात. तिथे रुंद गेट असतं आणि त्याला छातीच्या उंचीचा लांब उभा दांडा असतो, स्वाराला खोगिरावरूनच उघडता यावं म्हणून. ही गेटं बहुधा स्प्रिंगची किंवा उताराने आपोआप मिटणारी असतात, आणि मिटताना मागच्या चाकावर आपटतात. गेट आणि सायकल यांच्या मध्ये तुम्ही राहा, कमरेने गेट धरा, सायकल पुढे सरकवा, आणि कडी लागल्याचा आवाज ऐकूनच निघा. डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) गेटच्या बाजूला ठेवलात तर एक दिवस हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, वाकणारच.

नकाशावर रानातल्या एखाद्या रुंद पट्ट्याला 'राइड' किंवा 'राइडिंग' म्हटलेलं आढळेल. ते घोड्यांसाठी आणि शिकारीसाठी झाडं तोडून काढलेल्या सरळ पट्ट्याचं जुनं नाव आहे. सायकलला आमंत्रण नव्हे. अ‍ॅशरिजमध्ये ब्रिजवॉटर स्मारकापासून अ‍ॅशरिज हाउसपर्यंत जाणारी 'प्रिन्सेस राइडिंग' ही त्यातलीच. अशा ठिकाणीही रेघ कोणती आहे तेच बघायचं.

आता खालची माती. सह्याद्रीत टायरखाली कातळ, मुरूम किंवा लाल माती असते. चिल्टर्नमध्ये टेकडीच खडूची आहे, फळ्यावर लिहायचा तोच खडू. वरच्या सपाटीवर त्या खडूवर चिकणमातीचा थर, आणि त्या मातीत चकमकीचे दगड. तिन्ही तीन तऱ्हेने त्रास देतात. कोरडा खडू घट्ट, पकड छान. पाऊस पडला की त्याच्यावर साबणासारखा थर येतो आणि उतारावर पुढचं चाक काही न सांगता निघून जातं. तिथे पुढचा ब्रेक जपून, वळणाआधीच वेग कमी, आणि वळणात ब्रेक सोडलेला. चिकणमाती टायरला चिकटते, तिच्यात बीचच्या झाडांची पानं मिसळतात, आणि चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांजवळ) असा लगदा साचतो की चाक फिरेनासं होतं. २.४ इंची टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना बोटभर फट नसेल तर हिवाळ्यात मागे २.२५ लावा.

चकमकीचा दगड सगळ्यांत वाईट. तो फुटतो तेव्हा काचेसारखी धार येते, आणि तुकडा बऱ्याचदा पानांखाली उभा असतो. ट्यूब असेल तर दगड आणि रिम यांच्यात चेपून दोन भोकं पडतात; म्हणून ट्यूबलेस कराच. २९ बाय २.४ च्या टायरमध्ये ८० ते १०० मिली सीलंट (भोक आतून बंद करणारं द्रव) घाला, आणि दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी बुडवून बघा. सीलंट वाळून आत रबराचा गोळा झालेला असतो आणि कळतं ते रानात. ७० किलोच्या माणसाला पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआय ठीक. त्याखाली गेलात तर पकड वाढते, पण रिम दगडावर आपटते. टायर घेताना वजनाकडे बघू नका; साइडवॉल जाड असलेलाच घ्या, कारण इथे टायर बहुतेकदा बाजूनेच कापला जातो.

कापला तर असं करा. फुस्स आवाज येतो ती जागा खाली करून चाक दहा-पंधरा सेकंद स्थिर धरा, सीलंट तिथे जमू द्या. बारीक भोक यातच बंद होतं. सीलंट उडतच राहिलं तर दगडाचा तुकडा आत आहे का बघून काढा, प्लगची दोरी (भोकात कोंबायची चिकट रबरी दोरी) तिच्या सुईत मधोमध घाला, सुई दोन तृतीयांश आत ढकला आणि झटक्यात सरळ बाहेर ओढा. दोरीची दोन टोकं एक-एक सेंटिमीटर बाहेर राहिली पाहिजेत. ती कापत बसू नका, चालता चालता झिजतात. मग हवा भरा. हवा आधी आणि प्लग मागून केलंत तर सीलंट सगळं तुमच्या जीन्सवर. चीर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर प्लग टिकत नाही. तेव्हा ट्यूब घालायची आणि चिरेवर आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवायचा. असा बोटभर लांबीचा तुकडा, एक ट्यूब, पंप, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि तुमच्याच फ्रेमचा सुटा हँगर एवढं सोबत हवंच. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि गावातल्या दुकानात तुमचा मिळेलच असं नाही. बीचच्या रानात खाली काटक्या फार. एखादी स्पोकमध्ये शिरली की डिरेलर मागे खेचला जातो. काटकीचा आवाज आला की लगेच पेडल थांबवा.

बीचची मुळं वरवरची आणि वाट ओलांडून जाणारी असतात. ओली असताना त्यांच्यावर पकड शून्य. मूळ शक्य तितकं काटकोनात ओलांडा, त्याच्यावर ब्रेक नाही, पेडल नाही, हँडल सरळ. तिरके गेलात की चाक मुळाच्या बाजूने घसरत जातं.

राउट. ट्रिंग स्टेशनहून साधारण दोन किलोमीटरवर ऑल्डबरी गाव, मधोमध तळं. तिथून चढण चढून ब्रिजवॉटर स्मारक. स्टेशनपासून धरून शंभरेक मीटरची चढाई. सिंहगडवाल्याला काहीच नाही, पण शेवटचा टप्पा ओल्या पानांवर मागचं चाक फिरवत ठेवतो. बसूनच चढा, उभे राहिलात की मागचं वजन जातं. स्मारक १८३२ चं, तिसऱ्या ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचं. हा कोळसा वाहायला वर्झली ते मँचेस्टर कालवा खणून घेणारा गृहस्थ, त्यामुळे खांबाच्या पायथ्याशी त्याला कालव्यांचा जनक म्हणून मान आहे. आत १७२ पायऱ्या, वर जाता येतं ते ठरावीक दिवशीच. स्मारकापासून उत्तरेला डंकम टेरेस नावाची जवळजवळ सपाट रुंद वाट कड्याच्या अंगाने क्लिपर डाउनकडे जाते. डाव्या हाताला झाडांतून खालचं खोरं दिसतं. पावसाळी दिवसांत हीच सगळ्यांत भरवशाची, आणि चालणारे, कुत्री, लहान मुलंही इथेच सगळ्यांत जास्त. पुढे आयव्हिंगहो बीकनपर्यंत स्मारकापासून साधारण पाच किलोमीटर. बीकनच्या माथ्यावर लोहयुगातल्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि शेवटचा टप्पा पायी जायचा आहे. सायकल खाली लावा.

परतीला त्याच वाटेने येऊ नका. रिंगशल, लिटल गॅडस्डन या बाजूने ब्रायडलवे जोडत बर्कमस्टेड कॉमनवर (कॉमन म्हणजे गावकऱ्यांचा सामायिक हक्क असलेली मोकळी जमीन) उतरा आणि बर्कमस्टेड स्टेशनवर संपवा; ते वॉटफर्डच्या बाजूचं पुढचं स्टेशन आहे, शेजारीच नॉर्मन किल्ल्याचे अवशेष. एकूण वीस-पंचवीस किलोमीटर. ऐकायला किरकोळ, पण गेटं, चिखल आणि नकाशा बघणं धरून चार तास ठेवा.

या कॉमनवर आज मोकळेपणी फिरता येतं त्यामागे एक गंमत आहे. १८६६ मध्ये अ‍ॅशरिजच्या मालकाने, लॉर्ड ब्राउनलोने, कॉमनचा मोठा भाग लोखंडी कुंपण घालून बंद केला. ऑगस्टस स्मिथ नावाच्या जमीनदाराने लंडनहून मजुरांची फौज आणवली, आणि ६ मार्चच्या रात्रीत त्यांनी ते कुंपण उपटून टाकलं. पुढे कोर्टातही निकाल स्मिथच्याच बाजूने लागला. याच कॉमनवर पहिल्या महायुद्धात सैनिकांनी सरावासाठी खणलेले खंदक अजून आहेत : गवतातल्या नागमोडी खोलगट रेघा. सायकलवाल्याला त्या उड्या मारायला बांधल्यासारख्या वाटतात. मारू नका. फ्रिझडन बीचेसमधल्या जुन्या झाडांभोवतीही नवी वाट पाडू नका. चाकांनी माती दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि कित्येक शतकं उभं असलेलं झाड हळूहळू वाळतं.

घोडा समोर आला तर थांबा, बाजूला व्हा, आणि बोला. नुसतं 'हॅलो' पुरे. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला ही चमकणारी वस्तू माणूस आहे हे कळतं. मागून जाताना घंटीपेक्षा आवाज बरा, आणि स्वार 'या' म्हणाला की चालण्याच्या वेगाने, भरपूर अंतर ठेवून पुढे व्हा. खासगी इस्टेटींत १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम. ब्रायडलवेवरचा तुमचा हक्क तेव्हाही असतो, पण गोळ्यांचे आवाज जवळ आले तर थांबून शिकाऱ्यांच्या माणसाला दिसा, मग जा. 'प्रायव्हेट' पाटी बहुधा वाटेच्या कडेच्या जमिनीबद्दल असते, वाटेबद्दल नव्हे.

कधी जावं? मे ते सप्टेंबर. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत डॉकी वुडमध्ये ब्लूबेल फुलतात, आणि त्या आठवड्यांत तिथे एवढी गर्दी की सायकल नकोच. शिवाय बी रुजल्यापासून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. एक चाक गेलं की तेवढी वर्षं गेली. जून-जुलैत ब्रायडलवेच्या दोन्ही कडांना नेटल वाढतं, आपल्या खाजकुयलीच्या जातीचा त्रास. पाय झाकलेले बरे. सप्टेंबरपासून शेतकरी हॉथॉर्नची कुंपणं छाटतात आणि काटे वाटेवर पडतात, हेही ट्यूबलेसचं एक कारण. नोव्हेंबर ते मार्च चिकणमातीचा भाग सोडा. तेव्हा वोबर्नजवळच्या अ‍ॅस्पली वुड्सला जा; तिथे खाली वाळू आहे, पाणी लगेच मुरतं. मात्र तिथे सायकलीसाठी पास काढावा लागतो.

हरणं आहेत म्हणजे गोचीड आहे, आणि गोचिडीतून लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. सापडली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आकड्याने कातडीलगत धरून काढा. तेल लावणं, जाळणं नको. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टरकडे जा.

सायकल त्याच दिवशी धुवा, साध्या नळीने. खडूचा चिखल वाळला की सिमेंट होतो, आणि जेट मारलात तर तोच बेअरिंगमध्ये जातो. ब्रेक पॅड रेझिनचे असतील तर हिवाळ्यात सिंटर्ड (धातूच्या पुडीचे) लावा, आधी रोटर (ब्रेकची चकती) ते चालवून घेतो का तेवढं त्याच्यावर छापलेलं वाचून. आणि निघण्याआधी रेल्वेचं वेळापत्रक : रविवारी रुळांचं काम असेल तर गाडीऐवजी बस देतात, आणि बसमध्ये सायकल घेत नाहीत.