टाकीत चार औषधं, तरी पानाखाली कोळी तसेच

प्रश्न : पिकावर फुलकिडे, करपा आणि लाल कोळी एकदमच दिसले. दुकानदाराच्या सांगण्यावरून पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, कोळीनाशक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत घालून फवारलं. फुलकिडे गेले, पण पंधरवड्यात कोळी आधीपेक्षा जास्त झाले. आता डोस दीडपट करू, की दोन कोळीनाशकं एकत्र मारू? फवारणी यंत्राच्या अनुदानाचंही सांगा.

उत्तर : दोन्ही करू नका. ही तक्रार नेहमीची आहे, आणि बहुतेक वेळा टाकीत काय काय गेलं ते विचारलं की उत्तर तिथेच सापडतं.

तुमच्या मिश्रणात खरा घोळ पायरेथ्रॉइडने केला. या गटातली बहुतेक औषधं कोळ्यांवर नीट चालत नाहीत. मात्र कोळ्यांना खाणारे परभक्षी कोळी आणि स्टेथोरससारखे बारीक काळे भुंगेरे त्यांनी साफ होतात. वाचलेले लाल कोळी चाळवून शेजारच्या निरोगी पानांवर पांगतात. मॅन्कोझेबही वारंवार मारलं तर परभक्षी कोळ्यांना बाधतं. खतात नत्र जास्त असेल तर कोवळी, रसाळ पानं फुटतात आणि कोळ्यांचं आयतंच फावतं. ३० अंशांच्या आसपास तापमान असलं की यांची एक पिढी साधारण आठवडा ते दहा दिवसांत पुरी होते. पंधरा दिवसांत काय झालं असेल, ते तुम्हीच बघा.

आता डोस. कोळी असतो पानाच्या खालच्या बाजूला, जाळीच्या आत. बरीच कोळीनाशकं अंगाला लागली तरच मारतात. औषध तिथं पोचलंच नसेल तर दीडपट काय, तिप्पट घातलं तरी पानाच्या वरच राहणार. वरून पानं करपतील, मालात अंश राहील, आणि जे कोळी तगतील त्यांची पिलावळ त्या औषधाला दाद देणार नाही. लेबलवर लिहिलाय तेवढाच डोस. दुकानदार सांगतो तो नाही, शेजाऱ्याने मारला तोही नाही.

दोन कोळीनाशकं मिसळण्याआधी त्यांचे गट बघा, म्हणजे औषध कोळ्याच्या शरीरात कुठे काम करतं त्यावरून पाडलेले वर्ग. फेनपायरोक्सिमेट, फेनाझाक्विन, पायरिडाबेन ही नावं वेगळी, पण काम करण्याची जागा एकच. ती एकत्र करणं म्हणजे एकाच औषधाचा डोस वाढवणं. अबामेक्टिन आणि अळीसाठी मारतात ते इमामेक्टिन हेही एकाच गटातले. अळीवर सारखं इमामेक्टिन मारून पुढे अबामेक्टिन चालत नाही म्हणून कंपनीला दोष देणारे बरेच भेटतात. वेगळ्या गटातली दोन औषधं अर्धी-अर्धी घालणं तर सगळ्यात वाईट, कारण धड एकही पुरेसं पडत नाही. कंपनीचं नोंदणीकृत तयार मिश्रण असेल आणि त्याच्या लेबलवर तुमचं पीक असेल तर गोष्ट वेगळी.

दुकानदाराचं आणखी एक ऐकू नका : ‘तिसऱ्या दिवशीही कोळी चालतायत, म्हणजे औषध फेल, ही दुसरी बाटली घ्या.’ हेक्झिथायाझॉक्स, इटोक्साझोल ही औषधं अंडी आणि पिलांवर चालतात, मोठा कोळी त्यांनी लगेच मरत नाही. इटोक्साझोल लागलेली मादी फिरताना दिसते, पण तिच्या अंड्यांतून पिलं निघत नाहीत. म्हणून ही औषधं सुरुवातीलाच मारायची असतात. सगळं पीक जाळीने भरल्यावर यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

गंधक आणि फवारणीचं तेल कधीच एकत्र नको. दोन्हींच्या फवारणीत किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. कडक उन्हात नुसतं गंधकही भाजतं. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) अल्कधर्मी असतं, त्यात कोळीनाशक घालू नका. किडी मारणारी जैविक बुरशी आणि बुरशीनाशक एका टाकीत घालून वर ‘जैविकने फरक पडत नाही’ म्हणायचं, हेही बंद करा. बाटलीत थोडं मिश्रण करून बघितलं, फाटलं नाही, म्हणजे चालतं असं नाही. त्या चाचणीत गाळ बसतो का एवढंच कळतं. औषधाची ताकद गेली का आणि पान भाजेल का, हे त्यात दिसत नाही.

मग करायचं काय? मी सगळ्यांच्या मागे लागतो ती गोष्ट दहापट भिंगाची. कडेच्या, धुळीच्या रस्त्यालगतच्या आणि पाण्याचा ताण पडलेल्या ओळींतली पानं उलटून बघा. कोळ्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते. सापडले तर तेवढाच पट्टा फवारा. एकच कोळीनाशक, स्वच्छ आणि भरपूर पाणी, नोझल खालून वर, वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. चार-पाच दिवसांनी तीच पानं पुन्हा भिंगाखाली घ्या. नवी पिलं दिसली तर लेबलवरच्या अंतराने दुसरी फवारणी, तीही दुसऱ्या गटातल्या औषधाची. भिंगात लाल कोळ्यांमागे भराभर पळणारे, जरा चकचकीत कोळी दिसले तर हात आवरा, ते तुमच्याच बाजूचे आहेत.

फुलकिड्यांसाठी वेगळी फवारणी करा, पायरेथ्रॉइड सोडून. मजुरी वाढते हे खरं, पण चार बाटल्यांची खिचडी फुकट जाते तेव्हा मजुरी दुप्पट लागते. फवारणी यंत्राच्या अनुदानाचंही तुम्ही विचारलंय : अटी आणि मुदत बदलत असते, कृषी कार्यालयात अर्जाआधीच विचारा, यंत्र आधी घेऊन पावती नंतर दिली तर चालत नाही असंही होतं.

यावेळी जे मारून झालंय, त्यातल्या प्रत्येक औषधाचा तोडणीआधीचा प्रतीक्षा काळ लेबलवर बघा आणि सगळ्यात लांब असेल तो धरूनच माल तोडा.