समोरच्या घरची दोन लेकरं ठेवून घेऊ का?

नागपूरच्या नंदनवनमधल्या एका ताईंनी लिहिलंय. गल्लीत समोरच राहणारी दोन भावंडं, मुलगी नऊची अन् मुलगा सहाचा, बाप आधीच गेला होता, दिवाळीनंतर आई पण गेली. आता फक्त सत्तरीची आजी, भाजी विकते. पोरं रात्रीचं जेवायला ताईंकडेच असतात. आजी म्हणते, तूच ठेवून घे बाई. दीर म्हणतात भानगड नको, आश्रमात टाका. नवरा तयार आहे, म्हणतो स्टॅम्पपेपरवर आजीचा अंगठा घेऊन ठेवू. अन् ताईंचा स्वतःचा बारा वर्षांचा मुलगा सध्या कोणाशी धड बोलून नाही राहिला.

ताई, आधी तो स्टॅम्पपेपर राहू द्या. नोटरी करून लेकरू कोणाच्या हवाली करता येत नाही, उद्या गावाकडून एखादा काका आला अन् म्हणाला पोरं माझी, तर तुमच्या हातात काहीच नाही, उलट तुम्हालाच विचारतील की कोणाच्या परवानगीने ठेवली. हे ठरवायचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आहे, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने दिलेला. अन् दिरांना सांगा, आश्रमासारखी संस्था हा शेवटचा उपाय असं तोच कायदा म्हणतो.

पण मला खरं वाईट वाटलं ते आजीचं. तिला सगळेच बाजूला काऊन करून राहिले? ती ठेवून घे म्हणते ते पोरं नकोत म्हणून नाही हो, उद्या आपलं काही झालं तर, अन् आज यांना खाऊ काय घालू, या धास्तीने म्हणते. त्यातली पैशाची धास्ती तरी कमी करता येते. आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, आता ती क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे, २०२३ पासून लेकरामागे महिन्याला २२५० रुपये, म्हणजे दोघांचे ४५००. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज करायचा. आईबापाचे मृत्यूचे दाखले, आधार, शाळेचं बोनाफाईड, पासबुक, सगळं एका फाईलीत लावा अन् आजीला एकटीला पाठवू नका, ती पहिल्याच टेबलावरून परत येईल. पैसे उशिरा येऊ शकतात, त्या भरवशावर उधारी नको.

आजीला खरंच झेपत नसेल तर मग फॉस्टर केअर, म्हणजे समितीच्या परवानगीने लेकरं दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवणं. समिती तुमचं घर बघेल, घरातल्या सगळ्यांशी बोलेल, मग ऑर्डर काढेल, अन् नंतरही बघायला लोक येत राहतील, त्याचा राग मानू नका, लेकरांसाठीच आहे ते. सख्ख्या भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी लेकरामागे महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. हे दत्तक नाही, हे घरात सगळ्यांना स्पष्ट सांगा. पोरांचं आडनाव, जात, बापाच्या घराचा पट्टा, सगळं त्यांचंच राहतं, आजीचं येणंजाणं पण राहतं. पट्ट्याची कागदं आत्ताच जपून ठेवा, नातेवाईकांचा जीव पोरांपेक्षा त्या जागेवर जास्त असतो कधीकधी.

पोरं आजीकडेच झोपोत की तुमच्याकडे, एकट्या तुमच्या घराने सगळं ओढू नका. गल्लीतल्या बायांना बसवा अन् कामं वाटा, अंगणवाडीच्या सेविकेला पण बोलवा. जेवू घालणारे पुष्कळ मिळतात बाप्पा, तापाने फणफणलेलं पोरगं घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दिवसभर बसणारं कोणी नसतं, ते आधी ठरवा. अभ्यास कोण घेईल, शाळेच्या मीटिंगला कोण जाईल, तेही. कोणी पोरांना मारतं, कामाला लावतं असं दिसलं तर १०९८ ला फोन करा, चोवीस तास चालू असतो.

तुमच्या मुलाला कोणी काही विचारलंच नाही असं दिसतंय. त्याला हे तुझे भाऊबहीण असं लगेच म्हणू नका, काय ठरतंय ते सांगा, अन् त्याची झोपायची जागा, त्याचं कपाट त्याचंच राहील हे तुमच्या तोंडून कळू द्या.

अन् त्या नऊ वर्षांच्या मुलीला विचारलं का? समिती विचारेलच, पण आधी तुम्ही विचारा, आजीसमोर नाही अन् तुमच्याकडे जेवायला बसली असताना तर नाहीच, तेव्हा ती हो म्हणेल.