वाचक विचारतात : ‘ऑथेल्लो’तली एमिलिया आणि एक रुमाल

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’विषयी आलेल्या पत्रांमध्ये नायकापेक्षा एमिलियाबद्दलच जास्त विचारणा आहे. नाटक वाचून बरेच दिवस झालेल्यांसाठी थोडक्यात कथा अशी. व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो मोहिमेवर सायप्रसला जातो, नवी नवरी डेस्डेमोनाही तिथे येते. त्याच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात भरवतो की डेस्डेमोनाचे कॅसिओ या अधिकाऱ्याशी संबंध आहेत. पुरावा काय, तर ऑथेल्लोने तिला प्रेमाची पहिली भेट म्हणून दिलेला रुमाल कॅसिओकडे सापडतो. तो रुमाल इयागोच्या हाती पडतो त्याच्या बायकोकडून, आणि ही बायको, एमिलिया, डेस्डेमोनाच्या तैनातीत असते.

प्रश्न : एमिलियाने रुमाल चोरला की तिला सापडला? नवऱ्याचा कट तिला ठाऊक होता का?

सापडला. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो डोकं दुखतंय म्हणतो. डेस्डेमोना रुमालाने कपाळ बांधू पाहते. रुमाल फार लहान आहे, असं म्हणून तो ते झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. तो तिथेच राहतो, कारण ऑथेल्लोच म्हणतो, ‘राहू दे ते.’ हे शब्द रुमालाबद्दल आहेत की डोकेदुखीबद्दल, हे संहितेत मोकळं सोडलेलं आहे. दोघं आत जातात आणि एमिलिया रुमाल उचलते.

तिचं त्यानंतरचं छोटं स्वगत नीट वाचावं. नवऱ्याने हा रुमाल चोरून आण म्हणून शंभरदा गळ घातली होती, हे ती स्वतःच सांगते. म्हणजे आजवर तिने चोरी केलेली नाही. आता ती ठरवते की यावरच्या भरतकामाची नक्कल करून घेऊ आणि इयागोला देऊ. तो त्याचं काय करणार हे देव जाणे, मला फक्त त्याची लहर सांभाळायची, असं ती म्हणते. कट तिला ठाऊक नाही. मात्र नवऱ्याचा हेतू कळत नसताना, विचारण्याची संधी समोर असताना, ती देण्याचं ठरवते. ती निर्दोष आहे असं म्हणणारे आणि ती सामील आहे असं म्हणणारे, दोघंही या स्वगताचा अर्धा भाग गाळतात.

पुढे इयागो येतो आणि नक्कल करून घ्यायला वेळच उरत नाही. तो रुमाल हिसकावून घेतो. ‘काही महत्त्वाचं काम नसेल तर परत दे, बिचारी वेडी होईल,’ असं ती म्हणते. तो उत्तर देतो की तुला यातलं काही माहीत नाही असंच राहू दे, आणि तिला घालवून देतो. परत मागणारी एमिलिया पुष्कळ प्रयोगांत घाईत निसटून जाते. तिला आपल्या कृतीचं ओझं तत्क्षणी जाणवलंय, हे कळण्याची ती जागा आहे.

प्रश्न : डेस्डेमोनाची इतकी जुनी सोबतीण तिच्याशी असं वागेलच कशी?

ती जुनी नाहीच. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, सायप्रसला निघायच्या घाईत, ऑथेल्लो डेस्डेमोनाला इयागोच्या हवाली करतो आणि तुझ्या बायकोला हिच्या सोबत राहू दे, असं सांगतो. त्यांची सोबत सुरू होते ती तिथपासून, म्हणजे समुद्रप्रवास आणि सायप्रसचा मोजका काळ एवढीच. सायप्रसमधलं सगळं कथानक जेमतेम दीड दिवसात उरकतं. एमिलियाला बाळपणापासूनची दाई समजून केलेला अभिनय म्हणूनच चुकतो. तिसऱ्या अंकात तिची बांधिलकी नवऱ्याशी आहे, आणि पुढच्या दोन अंकांत ती हळूहळू सरकते.

प्रश्न : नाटकाला कलाटणी देणारी एमिलियाची कृती कोणती? रुमाल देणं हीच ना?

आमच्या मते नाही. रुमाल देताना तिला परिणाम माहीत नव्हता. खरी निर्णायक जागा पुढच्या प्रवेशात, तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात आहे. डेस्डेमोना विचारते, ‘तो रुमाल कुठे हरवला असेल गं, एमिलिया?’ एमिलिया म्हणते, ‘मला माहीत नाही, बाईसाहेब.’ अख्ख्या नाटकात मालकिणीशी ती बोललेली ही उघड खोटी गोष्ट.

त्यानंतर लगेच ऑथेल्लो येतो आणि रुमाल मागतो. हा रुमाल एका इजिप्शियन मांत्रिकिणीने माझ्या आईला दिला, तो हरवला तर नवऱ्याचं प्रेम उडतं, असं सांगतो. ‘रुमाल!’ ‘रुमाल!’ असा घोष करत निघून जातो. हे सगळं, साठहून अधिक ओळी, एमिलिया तिथेच उभी राहून ऐकते आणि एक अक्षर बोलत नाही. तो गेल्यावर तिचं पहिलं वाक्य काय? ‘हा माणूस संशयी नाही का?’ मग ती पुरुषजातीबद्दल बोलते : ते निव्वळ पोट, आपण निव्वळ अन्न, भूक असेतो खातात आणि मग ओकून टाकतात. वाक्य जळजळीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण या क्षणी ते रुमालावरून लक्ष उडवतं.

आता हिशेब करू. ऑथेल्लोने कॅसिओला मारण्याचा हुकूम आधीच्याच प्रवेशात दिलेला आहे, डेस्डेमोनाच्या मृत्यूचाही विचार तिथे झालेला आहे. मग चौथ्या प्रवेशात खरं बोलून काय झालं असतं? इयागोने तोवर दिलेले पुरावे पाहा. कॅसिओ झोपेत बरळला, हे त्याने फक्त सांगितलं. आजच कॅसिओला त्या रुमालाने दाढी पुसताना पाहिलं, हेही फक्त सांगितलं. यांतली हाताने पडताळता येणारी वस्तू रुमाल ही एकच. ‘तो मी माझ्या नवऱ्याला दिला’ हे पाच शब्द ऑथेल्लोसमोर उच्चारले गेले असते, तर इयागो तिथल्या तिथे खोटा ठरला असता. त्याच्या कटाचा जो एकमेव सांधा बाहेरच्या माणसाच्या हातात होता, तो एमिलियाच्या हातात होता.

ती का बोलत नाही, याची कारणं संहितेत आहेतच : नवऱ्याने गप्प राहायला बजावलंय, मालकिणीची वस्तू परस्पर दिल्याची कबुली द्यावी लागेल, आणि समोरचा सेनापती भडकलेला आहे. ही कारणं समजण्यासारखी आहेत म्हणूनच ती जागा शोकांतिकेची आहे.

चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात पुन्हा संधी येते. ऑथेल्लो तिची उलटतपासणी घेतो. काही पाहिलं नाहीस? ऐकलं नाहीस? पंखा, हातमोजे, मुखवटा आणायच्या निमित्ताने तुला कधी बाहेर पाठवलं नाही? ती डेस्डेमोनाच्या शुद्धतेवर आपला जीव पणाला लावते. पण तो पंखा विचारतो, हातमोजे विचारतो आणि रुमाल विचारत नाही. तीही काढत नाही. त्याच प्रवेशात पुढे ती म्हणते की पदासाठी कुणीतरी हलकटाने ही निंदा रचली असणार. त्या वेळी इयागो शेजारी उभा आहे आणि तिला हळू बोलायला सांगतो.

प्रश्न : मग शेवटच्या प्रवेशात तिला नेमकं कधी कळतं?

दोन टप्प्यांत. ‘तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं,’ असं ऑथेल्लो म्हणतो तेव्हा ती तीनदा नुसतं ‘माझा नवरा?’ एवढंच विचारते आणि चौथ्यांदा पूर्ण वाक्य बोलते. इथे तिला इयागो चुगली करणारा होता हे कळतं. रुमालाचा संबंध तिला कळतो तो नंतर, जेव्हा कॅसिओच्या हातात रुमाल पाहिल्याचं ऑथेल्लो सगळ्यांसमोर सांगतो. या दोहोंमध्ये ती ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ असं पुटपुटते. ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे अभिनेत्रीने पहिल्या वाचनालाच ठरवायला हवं. आमचं मत चौथ्या अंकाकडे झुकतं, पदासाठी रचलेल्या निंदेबद्दल ती बोलते त्या जागेकडे.

प्रश्न : मूळ इटालियन कथेतही एमिलियाच रुमाल देते का?

नाही, आणि हा फरक फार मोलाचा आहे. इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ सालच्या कथासंग्रहात इयागोच्या जागी असलेला सैनिक स्वतःच रुमाल पळवतो. त्याची तीन वर्षांची मुलगी डिस्डेमोनाच्या कडेवर असताना तो हळूच काढून घेतो. त्याच्या बायकोला कट संपूर्ण ठाऊक असतो, पण नवऱ्याच्या धाकाने ती गप्प राहते, जिवंत राहते आणि तो मेल्यावर सगळं सांगते. शेक्सपिअरने हे उलटं केलं : तिला माहिती दिली नाही, कृती दिली, आणि सत्य बोलायला तिला नवऱ्याच्या मरणापर्यंत थांबू दिलं नाही.

प्रश्न : एका रुमालावर अख्खी शोकांतिका तोलणं पोरकट वाटत नाही का?

थॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६९३ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. रुमाल क्षुल्लक आहे हे खरंच, आणि इयागो ते ओळखून आहे. हवेसारख्या हलक्या गोष्टीही संशयी माणसाला धर्मग्रंथातल्या वचनासारख्या भक्कम वाटतात, असं तोच म्हणतो. वस्तू मोठी असती तर ती देताना एमिलिया दोनदा थबकली असती.

प्रश्न : दुय्यम पात्रामुळे अनर्थ होत असेल तर तो निव्वळ योगायोग नाही का?

योगायोग आणि निवड वेगळी काढावी. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधला फादर जॉन प्लेगच्या संशयावरून घरात कोंडला जातो, म्हणून रोमिओला पत्र पोचत नाही. तिथे त्याने काही निवडलेलं नाही. सॉफोक्लिसच्या ‘ईडिपस’मधल्या थिबीच्या मेंढपाळाचं मात्र एमिलियाशी जवळचं नातं आहे. डोंगरावर टाकून यायला दिलेलं अर्भक, म्हणजे ईडिपस, तो दयेने कोरिंथच्या मेंढपाळाला देतो. राजा लायसच्या हत्येतून वाचलेला तो एकटाच, आणि मारेकरी अनेक होते असं सांगतो. खरा मारेकरी ईडिपसच सिंहासनावर दिसताच राणीला विनवून तो शहरापासून दूर कुरणात निघून जातो. म्हणजे एक कृती, एक खोटी साक्ष आणि दीर्घ मौन. शेवटी त्याच्याकडून सत्य धमकी देऊन काढून घ्यावं लागतं. एमिलिया मात्र कुणीही न विचारता, नवरा गप्प बस म्हणत असताना बोलते.

प्रश्न : आमचा हौशी संघ हे नाटक बसवतोय. रुमालाच्या प्रवेशात नेहमी काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते रुमालाचं माप. कपाळ बांधायला तो लहान पडायला हवा, पण शेवटच्या रांगेला दिसायलाही हवा. ४० ते ४५ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. रुमालावर स्ट्रॉबेरीची नक्षी संहितेतच आहे. मात्र कोपऱ्यातली बारीक नक्षी दुरून दिसत नाही, फळं ठसठशीत काढा. पातळ रेशीम हवेत तरंगतं आणि नको तिथे जाऊन पडतं. दुहेरी शिवलेलं किंवा काठाला जाड दोरा भरलेलं कापड सरळ खाली येतं. रंगमंचाची जमीन फिकट असेल तर तेवढ्या भागात गडद सतरंजी अंथरा. एकसारखे तीन रुमाल करा : एक पहिल्या दिवसापासून तालमीत, एक प्रयोगाला, एक विंगेत. चौथ्या अंकात कॅसिओची प्रेयसी बियांका तो कॅसिओच्या अंगावर फेकते, तिथे हमखास तो रंगमंचाबाहेर जातो.

रुमाल पडताना एमिलिया कुठे आहे, हे दुसरं. ती आधीपासून रुमालाकडे टक लावून बसली असेल तर सापडला या शब्दाला अर्थ उरत नाही. तिला खोलीत दुसरं काम द्या आणि दोघं विंगेत गेल्यावरच नजर खाली जाऊ द्या.

तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात मात्र उलट करावं लागतं. दिग्दर्शक तिला मागे, अंधारात ढकलतात, कारण ऑथेल्लो असेतो तिला संवाद नाहीत. तिला ऑथेल्लो आणि डेस्डेमोना यांच्यामध्ये, थोडं मागे, प्रेक्षकांना चेहरा दिसेल असं उभं करा. ‘मला माहीत नाही’च्या आधी नाट्यमय विराम नको, खोटं बोलणारा माणूस चटकन उत्तर देतो. विराम हवाच असेल तर तो त्या वाक्यानंतर घ्या.

प्रश्न : प्रयोग दोन तासांत बसवायचा आहे. एमिलियाचं काय कापावं?

विदूषकाचे दोन्ही तुकडे आधी काढा, त्यांतून थोडा वेळ सहज मिळतो. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश, डेस्डेमोनाचं विलोचं गाणं आणि नवऱ्यांच्या दोषांबद्दलचं एमिलियाचं भाषण, बहुतेक जण कापतात. त्याला आधारही दाखवता येतो : १६२२ च्या क्वार्टो प्रतीत, म्हणजे नाटकाच्या पहिल्या छापील प्रतीत, हे गाणं आणि त्या भाषणाचा बराचसा भाग नाही, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या एकत्रित नाटकांच्या आवृत्तीत आहे. तरी निदान भाषण ठेवा. पाचव्या अंकात ‘नवऱ्याची आज्ञा पाळणं रास्त, पण आत्ता नाही’ असं म्हणणारी एमिलिया त्या भाषणावाचून एकाएकी उगवल्यासारखी वाटते.

शेवटच्या प्रवेशात कापाकापी करताना हालचालींचा क्रम मोडू नका. इयागो आधी एकदा तलवार उपसतो आणि डेस्डेमोनाचा काका ग्रॅशियानो त्याला बाईवर शस्त्र उचलल्याबद्दल झापतो. मग रुमालाची कबुली होते, ऑथेल्लो इयागोवर धावतो, सगळ्यांचं लक्ष त्याला आवरण्याकडे जातं आणि त्याच गोंधळात इयागो एमिलियाला भोसकून पळतो. यासाठी कबुलीच्या वेळी इयागो तिच्या मागच्या बाजूला, दाराच्या जवळ असला पाहिजे. तो तिच्यासमोर उभा राहिला तर चार सशस्त्र पुरुष बघत उभे राहिले असं दिसतं, आणि प्रेक्षक एमिलियाचं बोलणं ऐकायचं सोडून त्यांच्याकडे बघत बसतात.