गुदमरलेलं कार्ड आणि मसाल्याचा डबा

गेल्या अंकात जुन्या कॉम्प्युटरच्या सर्व्हिसिंगवर एक उत्तर दिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मी ग्राफिक्स कार्डाचीच, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाची, निघाली, म्हणून या वेळी दुसरं काही घेतच नाही. प्रिंटरवाल्यांनी महिनाभर दम धरा.

प्रश्न : दादा, मी कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओळखीतून जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं सेकंडहँड घेतलं. गेम लावला की पाच मिनिटांत ८४ डिग्री, आणि फॅन असा ओरडतो की रूममेट म्हणतोय मिक्सर बंद कर. देणारा म्हणाला मायनिंगला वापरलेलं नाही, देवाशप्पथ. उघडून साफ करू का? आणि एवढ्या जुन्या कार्डाच्या मागं लागण्यात अर्थ आहे का?

उत्तर : भावा, शपथेचं सोड. इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डाकडून रात्रंदिवस आकडेमोड करवून ते चलन कमवणं, सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डावरून कायमचं गेलं आणि मग ढिगानं कार्डं बाजारात आली, त्यातलं एखादं फिरत फिरत तुझ्याकडं आलं असेल तरी दचकू नको. रात्रंदिवस चाललेल्या कार्डात आधी फॅन झिजतात, उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या म्हणजे पॅड वाळतात, चिप बऱ्याचदा ठणठणीत असते. फॅनचं पातं बोटानं हळूच वरखाली हलवून बघ, डगडगलं तर बेरिंग गेलंय.

हे कार्ड ८३ च्या आसपास पोचलं की स्वतःच स्पीड कमी करायला लागतं, आणि कंपनीनं सांगितलेली कमाल मर्यादा ९४ आहे, म्हणजे जळत नाहीये पण दम लागलाय. जुलै २०१६ चं कार्ड, १२० वॅटचं, तसं थंड डोक्याचं, त्याला एवढा ताप यायचं कारण धूळ आणि चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेली, आता वाळलेली पेस्ट. अर्थ आहे का म्हणशील तर कॉलेजची डिझाइनची कामं आणि थोडे जुने गेम याला आरामात चालतं. फक्त एक, याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवलंय, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार. तेव्हा पेस्ट-पॅडवर चारपाचशे रुपये घाल, त्याच्यापुढं खिशात हात घालू नको.

आता उघडायचं. आधी दहा मिनिटं गेम चालव म्हणजे पेस्ट जरा मऊ पडते, मग बंद करून वायर काढ, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलासुरला करंट जाऊ दे आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. वाकळेवर नाहीतर सतरंजीवर बसून हे काम करू नको, लाकडी टेबल घे. कार्ड स्लॉटातून काढताना मागच्या टोकाला एक छोटी कडी असते ती दाबायची, पोरं ती विसरतात आणि ओढाओढीत स्लॉटच मोडून ठेवतात.

कार्ड पालथं घातलं की मधोमध चार स्प्रिंगवाले स्क्रू दिसतील. यातला एकच पूर्ण काढून मग दुसऱ्याकडं जायचं नाही, समोरासमोरचे अर्धा अर्धा फेरा सैल करत जायचं, कारण खाली जी चिप आहे तिच्यावर झाकण नसतं, उघडी काच म्हण ना, एका बाजूनं दाब पडला की कोपरा उडतो आणि मग मात्र रामराम. स्क्रू निघाले तरी हीटसिंक, म्हणजे चिप गार ठेवणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, सुटणार नाही, पेस्टनं धरलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, किंचित डावीउजवीकडं फिरवत राहायचं, मग ते बारीक चर्र करून सुटतं. सुटल्या सुटल्या लांब ओढू नको, फॅनची वायर अजून अडकलेली असते, तिचा पांढरा कनेक्टर नखानं हळूहळू मागं ढकलून काढायचा. वायर धरून ओढणाऱ्यांचे कनेक्टर बोर्डासकट हातात येतात, मी बघितलेत.

आत काय दिसेल ते सांगतो. चिपवर पिठल्याची खरवड असते ना कढईच्या तळाला, तस्सं राखाडी कोरडं काहीतरी, नखानं पापुद्रा निघेल असं. आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये फॅनच्या बाजूनं धुळीची अख्खी गोधडी, तीत केस, तीत एखादा मेलेला डास. हवा जायला जागाच नव्हती, फॅन ओरडणार नाहीतर काय करणार.

पेस्ट काढायला ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल घे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हटलं की देतात. मेडिकलमधलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. जुन्या सुती बनियनचा तुकडा भिजवून पुसत राहा, चिप आरशासारखी झाली पाहिजे, स्वतःचं नाक दिसलं पाहिजे. हीटसिंक फॅन आणि पॅड काढून झाल्यावर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात खुशाल धू, फक्त धुण्याचा सोडा घालू नको, अॅल्युमिनियम काळं पडतं. वाळायला पूर्ण एक दिवस, पावसाळ्यात दोन, कोल्हापूरचा जुलै काय असतो तुला वेगळं सांगायला नको.

नवी पेस्ट किती हा सगळ्यांचा आवडता वाद. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला झाकण असतं म्हणून मधे एक ठिपका चालतो, इथं चिप उघडी, तिचा प्रत्येक कोपरा झाकला गेला पाहिजे. तुझी चिप अंगठ्याच्या नखाएवढी आहे, तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढी टाकून जुन्या सिमकार्डानं पातळ पसरव. जरा जास्त झाली तर कडेनं बाहेर येते, काही बिघडत नाही, पण कमी झाली तर बिघडतं. लिक्विड मेटल नावाचं चमकदार काही कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नको, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि एखादा थेंब बोर्डावर पडला तर शॉर्ट.

परत लावताना पण स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे. चालू केल्यावर फॅन फिरत नाहीत म्हणून घाबरशील, तर बऱ्याच कार्डांत चिप गार असताना फॅन मुद्दाम बंद ठेवतात, गेम लावला की फिरतात. १० मिनिटं टेस्ट चालव, ७० च्या आसपास थांबलं की जिंकलास. आणि हो, जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून कार्डाचं खरं नाव बघून घे, खोटं नाव लिहिलेली बरीचशी कार्डं ते बरोबर पकडतं.

प्रश्न : दादा, मी कसबा बावड्याहून लिहिते. माझ्या मुलानं कार्ड उघडून ठेवलंय, आज चार दिवस झाले डायनिंग टेबल अडवलंय आणि माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या घेऊन त्यात स्क्रू भरलेत, हळद-मोहरी कागदात बांधून ठेवलीय. आतल्या निळ्या चिकट पट्ट्या फाटल्यात म्हणतो, त्याच्याऐवजी पेस्टच जाड लावतो म्हणतो. लावू देऊ का? आणि ते कार्ड इतकं चिकट का झालंय?

उत्तर : ताई, वाट्यांबद्दल रागावू नका. कार्डात तीनचार लांबीचे स्क्रू असतात आणि आखूड जागी लांब गेला तर बोर्डात घुसतो, तेव्हा वेगवेगळ्या वाट्यांत ठेवणं हे पोरानं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. हळद राहिली असेल तर तेवढी पुसून घ्या म्हणावं.

पेस्ट मात्र लावू देऊ नका. त्या पट्ट्या म्हणजे थर्मल पॅड, मेमरीच्या चिपा आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरची फट असते ती भरायला. पेस्ट एवढ्या जाडीत टिकत नाही, गरम झाली की ओघळते आणि मेमरी उघडी पडते. नवे पॅड आणायचे, आणि जाडीला इथं फार महत्त्व आहे. पातळ आणला तर मेमरीला टेकत नाही, जाड आणला तर हीटसिंक वर उचललं जातं आणि मधली मोठी चिपच टेकत नाही, मग पोरगं म्हणणार साफ करून आणखी गरम व्हायला लागलं. फाटलेल्या पॅडचा जो भाग दबलेला नाही, कडेचा, तो पट्टीनं मोजा. अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर असे मिळतात, आणि एकाच कार्डात दोन जाडीचे असू शकतात, म्हणून कुठला कुठं होता त्याचा मोबाईलवर फोटो काढलाय का ते विचारा. नसेल काढला तर तेव्हा रागवा.

चिकटपणा पॅडमधून सुटलेल्या तेलाचा असतो, तो बिघाड नव्हे. पण फॅनच्या पात्यांवर पण चिकट असेल तर ते तुमच्या फोडणीचं. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी आहे ना? देवघराजवळ असेल तर अगरबत्तीचा धूर पण त्यात आला.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. डिझाइनचा कॉम्प्युटर केबिनमध्ये, पण केबिन म्हणजे काय, पार्टिशन. ग्राफिक्स कार्डावर काळा थर बसलाय. पोरगा म्हणतोय कॉम्प्रेसरची हवा मारली की दोन मिनिटांत काम. मारू का?

उत्तर : मालक, नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, सोबत तेलाचे शिंतोडे, आणि तो दाब टायरसाठी असतो, त्यानं बोर्डावरचा तिळाएवढा कपॅसिटर उडून पार्टिशनपलीकडं जाईल. फॅन तर हवेनं असा सुसाट फिरतो की बेरिंगचा निकाल, शिवाय उलटा जनरेटर होऊन बोर्डात करंट पाठवतो. साधा हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर वापरा, तो पण फॅनचं पातं बोटानं धरून.

पण तुमचा खरा घोळ वेगळाच आहे. तुमची धूळ घरातल्यासारखी नाही, ती ग्राइंडिंगची, म्हणजे लोखंडाची, आणि लोखंडातून करंट जातो. त्यात कटिंग ऑइलची वाफ मिसळली की गुऱ्हाळातल्या काहिलीच्या बुडासारखा थर होतो, तो हवेनं निघतच नाही, उलट कोरडी पूड पिनांच्या मध्ये जाऊन बसते. हीटसिंक काढा, बोर्डावर आयपीए सोडून रंगकामाचा मऊ ब्रश मारा, काळं पाणी निथळू द्या, परत मारा, तीनचार वेळा. पूर्ण वाळल्याशिवाय पॉवर द्यायची नाही. आणि कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, हवा आत घ्यायच्या जाळीवर मच्छरदाणीचं कापड ताणून लावा आणि शनिवारी झाडून घ्या. हे नाही केलं तर पुढच्या दिवाळीत परत पत्र टाकाल.

प्रश्न : स्क्रीनवर आडवे पट्टे येतात. मित्र म्हणतो कार्ड ओव्हनमध्ये भाजून काढ, चालू होतं. खरं आहे का? – गंगावेशीतला एक वाचक

उत्तर : चालू होतं हे खरं, म्हणून तर ही खोड जात नाही. मी स्वतः हे पाप केलंय, ओव्हन नव्हता म्हणून हीटगननं. कार्ड चालू झालं, सगळ्यांना बोलवून दाखवलं, मिसळ पण दिली. नवव्या दिवशी परत पट्टे आणि दुसऱ्यांदा हीटगन मारली तर बोर्डच फुगला.

बोर्डावरचे जोड ज्यानं डाग देऊन धरलेले असतात ते बिनशिशाचं सोल्डर २१७ डिग्रीच्या आसपास वितळतं, घरच्या ओव्हनमध्ये २०० ला ठेवून ते वितळतच नाही. होतं काय तर चिप आणि तिच्या खालच्या पट्टीमध्ये सोल्डरचे केसाएवढे ठिपके असतात, त्यातला तडकलेला ठिपका उष्णतेनं फुगून तात्पुरता टेकतो. गार-गरम होत होत परत सुटतो. २००८ साली एनव्हिडियाला चिपच्या याच भागातल्या कमकुवत मालापायी १९ कोटी ६० लाख डॉलर बाजूला काढावे लागले होते, आणि ही भाजण्याची प्रथा त्याच काळातल्या कार्डांवरून पसरली. तेव्हा ओव्हन भाकरी-केकलाच राहू दे, प्लास्टिकची वाफ त्यात बसली की ती खाण्यात येते.

आधी साधं बघ. कॉम्प्युटर चालू होताना कंपनीचं नाव येतं तेव्हाच पट्टे दिसतात का? तिथंच दिसत असतील तर केबल बदल, दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावून बघ, तरी राहिले तर मेमरी किंवा चिप गेली. विंडोज चालू झाल्यावरच येत असतील तर ड्रायव्हर पूर्ण काढून परत टाक. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जुना असेल तर तो पण एकदा बदलून बघायला हरकत नाही.

प्रश्न : शाहूपुरी कुंभार गल्लीत घर आहे. २०२१ च्या पुरात कॉम्प्युटर बुडाला होता, तेव्हापासून माळ्यावर पडलाय. ग्राफिक्स कार्ड तरी वाचेल का?

उत्तर : वाचूही शकतं, पण चालू करून बघू म्हणून वायर लावू नका, गाळ सुकून बसलाय त्यातूनच करंट जाईल. कार्ड काढा, हीटसिंक सोडवा, नळाच्या पाण्यानं चिखल काढा, मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे हां, आणि शेवटी आयपीए. दोन दिवस पंख्याखाली. त्यानंतर सोनेरी पिना भिंगातून बघा, हिरवं-पांढरं वरवरचं असेल तर पुसून निघेल, पिनाच खाल्ल्या गेल्या असतील तर नाद सोडा. एसएमपीएस न उघडता भंगारात. हार्डडिस्कमध्ये लग्नाचे वगैरे फोटो असतील तर तिला हात न लावता डेटा काढून देणाऱ्याकडं न्या.

प्रश्न : पिना खोडरबरानं घासल्या तर चालतं का?

उत्तर : पांढऱ्या, मऊ. शाई खोडायचा निळा-लाल असतो तो नको, त्यात वाळूसारखं काहीतरी असतं, सोन्याचा मुलामा निघतो. आणि चुरा ब्रशनं झाडून मगच स्लॉटात घाला.