वडिलांच्या हृदयाचा पडदा जाड झालाय (एचओसीएम). ऑपरेशन न करता हृदयाच्या रक्तवाहिनीत अल्कोहोल सोडून उपचार करतात, तो कोणी घेतलाय का?

माझ्या आईने घेतलाय, सहा वर्षांपूर्वी. मी डॉक्टर नाही, जे पाहिलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. वडिलांच्या छातीत दुखलं म्हणून कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला आलं तर त्याचा हात धरा. शेजारच्या काकांनी काळजीपोटी आईला ती दिली आणि दोन मिनिटांत ती ओट्याला टेकून खाली घसरली. या आजारात रक्त बाहेर पडायची वाटच जाड पडद्यामुळे अरुंद झालेली असते. गोळीने शिरा सैलावतात, हृदयात कमी रक्त येतं, आणि कप्पा जितका रिकामा तितकी ती वाट अजून चिंचोळी. कडक उपास, जुलाब, लघवीच्या गोळ्या यांनीही तेच होतं.

अल्कोहोल ही काही पहिली पायरी नाही. आधी मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या, नाहीतर व्हेरापामिल, मग डायसोपिरामाइड. मावाकॅम्टेन हे खास याच आजारासाठीचं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. त्याने हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं, म्हणून ते घेताना वरचेवर इको करावा लागतो. गोळ्या घेऊनही धाप लागत असेल, चक्कर येत असेल आणि इकोत ग्रेडियंट (अरुंद वाटेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक) ५०च्या वर असेल, तेव्हा पुढचा विचार. आईचा ८४ होता. जेवून उठली की जिना चढताना दोनदा थांबायची.

ही पद्धत उलरिच सिगवार्ट यांनी १९९४ मध्ये लंडनमध्ये सुरू केली. जांघेतून तार नेऊन पडद्याला रक्त देणारी बारीक फांदी गाठतात, छोट्या फुग्याने तिचं तोंड बंद करतात. मग त्या फांदीत औषध सोडून इकोवर नेमका जाड भागच उजळतोय ना, ते पाहतात. त्यानंतर १ ते ३ मिली अल्कोहोल, अगदी सावकाश. मुद्दाम घडवलेला छोटा हार्ट अटॅकच म्हणा. आई जागी होती. छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं दुखलं, म्हणाली. आणि वर, "जन्मात थेंब घेतला नाही, आता थेट काळजात ओतली."

तिसऱ्या दिवशी इकोत ग्रेडियंट पुन्हा चढलेला दिसला आणि आम्ही हबकलो. ती सूज होती. मेलेला स्नायू आक्रसायला महिने लागतात. तीन महिन्यांनी आकडा २२ वर आला.

धोका विचाराल तर मुख्य पेसमेकरचा, साधारण दहात एकाला लागतो. हृदयाचे विजेचे संदेश डाव्या आणि उजव्या अशा दोन वाटांनी, म्हणजे बंडलांनी, जातात. वडिलांच्या ईसीजीत आधीच डावा बंडल ब्लॉक (बंद) असेल तर तो बराच वाढतो, कारण अल्कोहोलने सहसा उजवा बंडल जातो आणि मग दोन्ही बाजू बंद. हे डॉक्टरांना स्पष्ट विचाराच. व्हॉल्व्हच सदोष असेल, किंवा ती फांदी सोयीची नसेल, तर मात्र शस्त्रक्रियाच बरी. केवळ छाती उघडायची भीती वाटते म्हणून अल्कोहोलचा हट्ट धरू नका. दोन्ही उपचार नेहमी करणाऱ्या ठिकाणी मत घ्या. एकच करणारा बहुधा तेच सुचवतो.

आणि तुम्ही स्वतःचा इको केलात का? हा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो, मुलाला यायची शक्यता निम्मी. माझ्या भावाला काडीचाही त्रास नव्हता, इकोत पडदा १७ मिलिमीटर निघाला.