‘तू पीत नाहीस ना, मग तूच चालव!’

प्रिय मित्रा,

वय २२, ग्रुपमध्ये न पिणारा तू एकटाच, म्हणून दर पार्टीनंतर किल्ली तुझ्याच हातात येते. गेल्या महिन्यात मुळशीहून पुण्याला येताना, रात्री दोन वाजता, पौडच्या अलीकडे शेजारच्या मित्राने गंमत म्हणून हँडब्रेक ओढला आणि गाडी गर्रकन फिरून रस्त्यात आडवी झाली. मागचे तिघे हसत होते. आता थर्टीफर्स्टचा बेत ठरलाय आणि तू विचारतोस, ‘ताई, नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का?’

नाही रे बाळा. तुझं पत्र वाचताना माझ्या तळहाताला घाम फुटला.

पिऊन गाडी चालवायची नाही एवढं तुम्हाला कळतं, याचं मला बरं वाटलं. पण ड्रायव्हर शुद्धीत आहे म्हणून गाडी सुरक्षित होत नाही. झिंगलेला माणूस तुझ्या कोपराला खेटून बसलेला असतो. शिवाय दिवसभर जागलेल्याला न पिताही डुलकी लागते, त्याचा विचार कुणीच करत नाही.

पुढे कधी चालवलंसच, तर अटी पहिला ग्लास भरायच्या आधी सांग. शेजारी सगळ्यात कमी प्यायलेला बसेल. बेल्ट सगळ्यांना, मागच्यांनाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लाव. कुणाला मळमळलं तर उजेडातल्या पेट्रोल पंपावरच थांब. कुणी स्टिअरिंगला हात लावला, की गाडी बाजूला घे, किल्ली खिशात घाल आणि तो मागे बसेपर्यंत हलू नकोस. चिडू दे त्याला.

आणि कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास मंद चालला असेल, तर ‘झोपेल, उतरेल’ म्हणून मागच्या सीटवर सोडू नकोस. कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लगेच १०८ ला फोन कर. घरी कळेल या भीतीने इथे वेळ घालवू नकोस.

थर्टीफर्स्टला मात्र चालवू नकोस. हे आजच सांग, ऐनवेळी नको, नाहीतर ‘दोनच पेग झालेत, मी चालवतो’ म्हणणारा कुणीतरी निघेलच. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

ग्रुपवर एवढंच टाक: ‘मी गाडी चालवणार नाही. रात्री तिथेच राहू, नाहीतर ड्रायव्हर ठरवू, पैसे वाटून घेऊ.’

तुझी,
ताई